ओढ्याकाठच्या फांदीवरचा हिरवा उजेड

वाचक विचारतात

मागच्या महिन्यात इथेच पावसाळी अळंब्यांवर थोडं लिहिलं होतं आणि शेवटी म्हटलं होतं की काही वेगळं दिसलं तर कळवा. भरपूर पत्रं आली, फोटो तर त्याहून जास्त. पण बरेचसे फोटो वरून काढलेले आहेत, नुसती टोपी दिसते, आणि छोट्या अळंबीचं नाव नुसत्या टोपीवरून सांगता येत नाही, कुणी छातीठोकपणे सांगितलं तरी विश्वास ठेवू नका. एक पत्र मात्र असं आलं की ते वाचून मी तसाच उठून टिपणांच्या जुन्या वह्या काढून बसलो. आज जास्त जागा त्यालाच देतोय आणि बाकीचे प्रश्नही त्याच्या आजूबाजूचेच घेतलेत.

प्रश्न : नमस्कार दादा, आम्ही इंदिरानगरला राहतो. ऑगस्टमध्ये इगतपुरीच्या पुढे भावाच्या शेतावर गेलो होतो. दिवसभर पाऊस, आणि रात्री नऊला लाइट गेली ती गेलीच. मी मागच्या दाराला पाणी टाकायला गेले तर ओढ्याच्या काठाला जमिनीवर हिरवट पांढरट काहीतरी दिसलं, आधी वाटलं कुणाचा मोबाइल पडलाय. बॅटरी मारली तर काहीच नाही, नुसती कुजकी फांदी. बॅटरी बंद केली आणि जरा थांबले तर परत दिसायला लागलं. आई म्हणाली नको जाऊ तिकडे, भुताचे दिवे असतात ते. सकाळी बघितलं तर त्या फांदीवर नखाएवढ्या मळकट राखाडी छत्र्या. रात्रीचा फोटो काळाच आला, सकाळचा पाठवतेय. हे काय आहे? रेअर आहे का? आणि मुलांनी सकाळी हात लावला होता, काही होणार नाही ना?

उत्तर : ताई, शेवटचा प्रश्न आधी घेतो कारण जीव तिथेच अडकला असणार. अळंबीला नुसता हात लावल्याने तिचं विष अंगात जात नाही, ते पोटात जावं लागतं. हात साबणाने धुतले असतील तर विषय संपला. मुलांना एवढंच सांगा की बघायचं, वास घ्यायचा, पण तोंडात काही घालायचं नाही.

आता तुमच्या फांदीबद्दल. आईंनी जे ऐकलंय ते अनेक गावांत ऐकायला मिळतं आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही, अंधारात जमिनीतून उजेड येतोय म्हटल्यावर माणूस दुसरं काय म्हणणार. पण हा उजेड जिवंत बुरशीचा आहे. आपल्या सह्याद्रीत भीमाशंकरचं जंगल यासाठी प्रसिद्ध आहे, तिथे भर पावसात कुजक्या फांद्या, पानं, बुंधे हिरवट उजळलेले दिसतात, गोव्यात म्हादईच्या जंगलातही दिसतात. मी भीमाशंकरला पहिल्यांदा बघितलं तेव्हा आधी वीसेक मिनिटं काहीही दिसलं नव्हतं, मग पायाजवळ एक काटकी दिसली, मग तिच्या शेजारची, आणि मग कळलं की आपण ज्या पालापाचोळ्यावर उभे आहोत तोच ठिपक्याठिपक्यांनी उजळलाय. पाय हलवायची हिंमत होत नव्हती.

तुमच्या वर्णनावरून पहिलं नाव डोक्यात येतं ते मायसीना क्लोरोफॉस, मायसीना हा छोट्या नाजूक अळंब्यांचा गट आणि क्लोरोफॉस ही त्यातली एक जात. जपानच्या दक्षिणेला समुद्रात बोनिन नावाची बेटं आहेत, तिथे १८५० च्या दशकात एका अमेरिकन सागरी मोहिमेवर गेलेल्या चार्ल्स राइट या वनस्पती संग्राहकाने ती गोळा केली आणि १८६० मध्ये बर्कली आणि कर्टिस या दोघांनी तिचं शास्त्रीय वर्णन छापलं. जपानपासून तैवान, मलेशिया, इंडोनेशिया, श्रीलंका, भारत असा तिचा पसारा आहे, म्हणजे उष्ण, दमट, भरपूर कुजकं लाकूड असलेला पट्टा. बोनिन बेटांवरचे लोक तिला लाडाने ग्रीन पेपे म्हणतात.

पण ताई, उजेड दिसला म्हणून लगेच तेच नाव लावायचं नाही, सगळ्यात जास्त चूक इथेच होते. जगात उजेड देणाऱ्या बुरशीच्या शंभराहून जास्त जाती माहीत आहेत. त्यामुळे "हिरवी चमकते" हा फक्त दरवाजा झाला, आत जाऊन बघायचं काम बाकी असतं, आणि ते काम दिवसा करायचं, भिंग घेऊन, गुडघे टेकून.

तुमच्या सकाळच्या फोटोत टोपी दिसतेय, शेजारी मुलाचं बोट आहे म्हणून अंदाज येतो, दीड एक सेंटिमीटर असावी. क्लोरोफॉसची टोपी जास्तीत जास्त तीन सेंटिमीटरपर्यंत जाते. कोवळी असताना फुगीर, मग सपाट होत जाते, कधी मधोमध किंचित खोलगट होते. रंग फिकट तपकिरी राखाडी, आणि जसजशी ती उमलून उजळायला लागते तसा रंग आणखी फिका पडतो, म्हणून दिवसा ती इतकी मळकट दिसते की माणूस तिच्यावरून पाय ठेवून जाईल. टोपीला बोट लावलं तर चिकट लागते. हे फोटोत कळत नाही, ते तुम्हालाच सांगावं लागेल, पावसाने ओली असणं वेगळं आणि चिकट असणं वेगळं, बोट उचलताना किंचित धरून ठेवल्यासारखं होतं का ते बघा.

मग टोपी उलटी करा, म्हणजे तोडू नका, फांदीच जरा उचलून खालून बघा, किंवा छोटा आरसा खाली धरा, मी दाढीचा जुना आरसाच वापरतो. खाली पातळ पातळ पापुद्रे दिसतील, त्यांना कल्ले म्हणतात. क्लोरोफॉसमध्ये ते पांढरे असतात, नंतर राखाडीकडे जातात, एकमेकांना चिकटून दाट असतात आणि देठाजवळ येऊन थेट देठाला घट्ट चिकटत नाहीत, सुटे राहतात किंवा देठाभोवती एक बारीक कॉलर असते तिथे जेमतेम टेकतात. खाली कल्ल्यांऐवजी जाळीसारखी भोकं दिसली तर गोष्ट वेगळी, तशी एक अळंबी आहे, फिलोबोलेटस मॅनिप्युलॅरिस, तीही उजेड देते, पण तिची टोपी खालून चाळणीसारखी असते. एका नजरेत दोघी वेगळ्या होतात, फक्त ती नजर खालून टाकावी लागते.

देठ फार नाजूक. जाडी एक मिलिमीटरच्या आत, म्हणजे शिवणाच्या जाड दोऱ्याएवढा, लांबी अर्ध्या सेंटिमीटरपासून तीन सेंटिमीटरपर्यंत. पांढुरका, जवळजवळ आरपार दिसेल असा, आतून पोकळ, आणि अंगावर इतकी बारीक लव की भिंगाशिवाय दिसत नाही.

आणि आता ज्या खुणेसाठी एवढं सगळं सांगतोय ती. देठ जिथे लाकडाला टेकतो तिथे बघा. बहुतेक लाकडावरच्या छोट्या अळंब्यांचा देठ सरळ लाकडात घुसल्यासारखा दिसतो किंवा बुडाशी पांढरा कापसासारखा पुंजका असतो. क्लोरोफॉसच्या देठाला बुडाशी एक छोटी गोल चकती असते, दोन अडीच मिलिमीटर रुंद, जसं काही देठ एका टिकलीवर उभा केलाय. गृहिणींना पटकन कळेल असं सांगतो, कपाळावर लावायची सगळ्यात बारीक टिकली असते ना, तेवढी आणि तशीच सपाट. माझ्या ओळखीत जेवढे लोक बुरशी बघतात त्यातल्या निम्म्यांनी ही चकती कधी बघितलीच नाही कारण अळंबी उपटून हातात घेतली की चकती फांदीवरच राहते. म्हणून मी परत परत सांगतो की उपटू नका, बुडाशी बघा.

वासही घ्या. वर्णनात अमोनियासारखा उग्र वास लिहिलेला आहे, म्हणजे नाकाला झोंबतो तसा. दोनचार टोप्या एकत्र असल्या की जास्त कळतो.

रेअर का? माझं मत सांगतो. दुर्मीळ म्हणण्यापेक्षा तिचं दर्शन दुर्मीळ आहे. नखाएवढी, दिवसा मळकट, दोनतीन दिवस टिकते, पावसातच येते, आणि ओळख पटायला तुम्हाला अमावस्येच्या आसपास, लाइट नसताना, जंगलात किंवा जंगलाच्या काठाला असावं लागतं. एवढ्या गोष्टी जुळून येणं हे लॉटरी लागल्यासारखंच. तुमच्याकडे लाइट गेली म्हणून दिसली, नाहीतर मागच्या दाराचा पिवळा बल्ब चालू असता तर वर्षानुवर्षं ती तिथे येऊन गेली असती आणि कुणाला कळलंही नसतं.

तर एक विनंती. भाऊ तिथेच राहतात ना, त्यांना सांगा, परत उगवली तर बुडाचा फोटो, कल्ल्यांचा फोटो, आणि एका टोपीचा ठसा काढून पाठवा. ठसा कसा काढायचा ते पुढच्या उत्तरात येतंय. आणि ती फांदी शेकोटीत जाऊ देऊ नका एवढं जरूर बघा.

प्रश्न : स्पोअर प्रिंट म्हणजे काय, घरी जमतो का? (सातपूरहून एक वाचक)

उत्तर : जमतो, आणि स्वयंपाकघरातलंच सामान लागतं. टोपी देठापासून कापा, कल्ले खाली करून कागदावर ठेवा. कागद अर्धा काळा अर्धा पांढरा घ्या, कारण पांढरा ठसा पांढऱ्या कागदावर दिसत नाही आणि मग लोक म्हणतात काही आलंच नाही. टोपीवर पाण्याचा एक थेंब टाका, वर वाटी किंवा काचेचा ग्लास उपडा ठेवा आणि रात्रभर हात लावू नका. सकाळी वाटी उचलली की कल्ल्यांच्या रेषांसकट पावडरीची नक्षी कागदावर उतरलेली असते, ते बीजाणू, म्हणजे बुरशीचं बीच म्हणा. पहिल्यांदा बघाल तेव्हा मोबाइलवर फोटो काढून चार जणांना पाठवाल याची खात्री आहे.

रंग महत्त्वाचा. मायसीनांचा ठसा पांढरा येतो. गुलाबीसर आला तर घराणं वेगळं, काळा आला तर आणखी वेगळं. आणि लाकडावरची छोटी तपकिरी अळंबी असेल आणि ठसा गंजासारखा तपकिरी आला तर जपून, गॅलरिना नावाच्या गटात असंच दिसणाऱ्या काही जाती जीवघेण्या विषारी आहेत, त्यांच्यात तेच अ‍ॅमाटॉक्सिन नावाचं विष असतं जे डेथ कॅप या जीवघेण्या अळंबीत असतं. ते शिजवून जात नाही, वाळवून जात नाही, आणि त्रास साधारण सहा ते बारा तासांनी किंवा त्याहूनही उशिरा सुरू होतो, तोवर माणूस म्हणत असतो की मला तर पचली.

फार छोट्या टोपीचा ठसा हलका येतो, एका ऐवजी तीनचार टोप्या शेजारी शेजारी ठेवा.

प्रश्न : मी पेठ तालुक्यात शिक्षक आहे. मुलांना आम्ही सांगतो की कुजक्या लाकडात फॉस्फरस असतो म्हणून ते चमकतं. बरोबर आहे का?

उत्तर : सर, फॉस्फरसचा संबंध नाही. आमच्या लहानपणी आम्हालाही हेच सांगितलं होतं, त्यामुळे तुमचा दोष नाही, पण आता मुलांना खरं सांगूया कारण खरं जास्त भारी आहे.

बुरशीच्या पेशीत ल्युसिफेरिन नावाचं एक रसायन तयार होतं, ते ल्युसिफरेज या एन्झाइमच्या मदतीने ऑक्सिजनशी जोडलं जातं आणि त्यात सुटलेली ऊर्जा उष्णता म्हणून न जाता उजेड म्हणून बाहेर पडते. म्हणून तो उजेड थंड. काजव्यातही असंच काम चालतं पण काजव्याचं ल्युसिफेरिन वेगळं आणि बुरशीचं वेगळं. बुरशीचं ज्या पदार्थापासून बनतं तो कॅफेइक अ‍ॅसिड, नाव कॉफीसारखं असलं तरी कॅफिन नव्हे, आणि हा पदार्थ झाडांमध्ये सर्रास असतो. ही सगळी साखळी कुठल्या जनुकांनी चालते ते २०१८ मध्ये उलगडलं आणि २०२० मध्ये त्या जनुकांचा संच तंबाखूच्या रोपात घातल्यावर रोपटं स्वतःच्या स्वतः हिरवं उजळायला लागलं.

ऑक्सिजन लागतो हे तर सतराव्या शतकातच कळलं होतं. रॉबर्ट बॉइलने चमकणारं कुजकं लाकूड काचेच्या भांड्यात ठेवलं, पंपाने हवा काढून घेतली तर उजेड गेला, हवा परत सोडली तर उजेड परत आला. ऑक्सिजन हा शब्दसुद्धा तेव्हा नव्हता. तुमच्या वर्गात श्वसनाचा धडा घेताना हे सांगा, मुलं विसरणार नाहीत.

आणखी एक गोष्ट मुलांना दाखवण्यासारखी आहे ती म्हणजे कुठला भाग उजळतो. छत्री हा बुरशीचा फक्त वर आलेला भाग, खरा जीव लाकडाच्या आत धाग्यांच्या जाळ्यासारखा पसरलेला असतो. आर्मिलारिया नावाच्या गटात फक्त ते आतले धागे उजळतात, छत्री नाही, म्हणून नुसतंच लाकूड चमकताना दिसतं. क्लोरोफॉसमध्ये धागेही उजळतात आणि टोपी आणि कल्लेही. आणि २०२० मध्ये मेघालयातून एक नवी जात जाहीर झाली, रोरिडोमायसेस फायलोस्टॅकिडिस, मेलेल्या बांबूवर येते, तिचा फक्त देठ उजळतो, टोपी नाही. तिथले लोक त्या बांबूच्या काटक्या रात्री वाटेवर बॅटरीसारख्या हातात धरायचे. म्हणजे अंधारात उभं राहूनसुद्धा ओळखीची एक खूण मिळते: उजेड टोपीतून येतोय, देठातून येतोय की नुसत्या लाकडातून.

प्रश्न : आमचा सिडकोतला ट्रेकर ग्रुप आहे. त्या ताईंच्या शेताचं किंवा तुम्ही बघितलेल्या जागेचं लोकेशन मिळेल का? रील बनवायची आहे, लोकांपर्यंत पोचेल.

उत्तर : मित्रांनो, लोकेशन देणार नाही, आणि राग मानू नका, कारण सांगतो. चमकणारी छत्री तुडवली गेली तर एक वेळ ती परत येईल, आतलं जाळं जिवंत असेल तर पुढच्या पावसात नवी उगवते. पण लोक छत्री नेत नाहीत, फांदीच उचलून नेतात, घरी अंधाऱ्या बाथरूममध्ये ठेवून मित्रांना दाखवायला. दोन दिवसांत फांदी सुकते, उजेड जातो, आणि मग ती कचऱ्यात. फांदी गेली म्हणजे तो अख्खा जीवच गेला. अभयारण्यातून तर काटकीही उचलणं कायद्याने गुन्हा आहे.

आणि रीलचं म्हणाल तर तुम्हाला जे रीलमध्ये निऑनसारखं हिरवंगार दिसतं ते कॅमेऱ्याचं काम असतं, ट्रायपॉडवर तीस सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ शटर उघडं ठेवून उजेड साठवलेला असतो. डोळ्याला ते फिकट, पांढुरकं, किंचित हिरवट दिसतं, कारण कमी उजेडात आपल्या डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग नीट कळत नाहीत. रील बघून गेलेले लोक म्हणतात की हे एवढंच होय. पण स्वतः शोधलेलं बघितलं तर तसं कुणी म्हणत नाही.

त्यापेक्षा स्वतःच शोधा, मी रीत सांगतो. चारपाच दिवस सलग पाऊस झाल्यावर, चंद्र नसेल अशी रात्र, ओळखीच्या माणसाचं शेत किंवा फार्महाऊस ज्याच्या मागे झाडी आणि ओढा आहे. दिवसाउजेडी आधी जागा बघून ठेवा, सालीसकट पडलेल्या जुन्या फांद्या कुठे आहेत ते. रात्री तिथे जाऊन सगळे दिवे बंद, मोबाइल खिशात, घड्याळाचाही डिस्प्ले झाका, आणि कमीत कमी वीस ते तीस मिनिटं गप्प बसा, डोळ्याला अंधार सरावायला तेवढा वेळ लागतोच. मध्ये एकाने जरी व्हॉट्सअ‍ॅप बघितलं तर सगळ्यांचं परत पहिल्यापासून. बॅटरीवर लाल जिलेटीन पेपर लावला तर चालायला पुरतं आणि डोळे बिघडत नाहीत. पायात गमबूट हवेत, ओढ्याकाठी घोणस, मण्यार, फुरसं सगळे असतात, आणि आपल्या नाशिक जिल्ह्यात बिबट्या कुठे असेल सांगता येत नाही, त्यामुळे घरापासून लांब जाऊच नका. वनखात्याच्या हद्दीत रात्री परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही.

एक फसगत मात्र होते. जमिनीवर दिसलेला प्रत्येक हिरवा ठिपका बुरशीचा नसतो. काजव्याच्या अळ्याही उजेड देतात आणि त्या ओल्या पाचोळ्यातच फिरतात. तुमच्यापैकी जे भंडारदऱ्याला मे अखेर, जूनमध्ये काजवे बघायला जातात त्यांना झाडावरची लुकलुक माहीत आहे, अळीचा उजेड तसा लुकलुकत नाही म्हणून गोंधळ होतो. फरक सोपा आहे. अळी हलते, ठिपका जागा बदलतो आणि मधूनच विझतोही. बुरशी विझत नाही, हलत नाही, सकाळपर्यंत तिथेच.

प्रश्न : चमकणारी अळंबी खाता येते का? आमच्याकडे सुरगाण्याच्या बाजूने बाया पावसाळ्यात अळंबी विकायला आणतात, त्यात अशी असते का? (म्हसरूळ)

उत्तर : नाही, आणि खायचा विचारही करू नका. दोऱ्याएवढ्या देठाच्या, नखाएवढ्या टोपीच्या अळंबीत खाण्यासारखं काही नसतंच, आणि उजेड देणाऱ्यांमध्ये ऑम्फॅलोटस नावाचा एक गट आहे, आकाराने मोठा, दिसायला मांसल, खाल्ला की उलट्या जुलाब हैराण करतात. तेव्हा "चमकते म्हणजे औषधी असेल" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

बाया जी आणतात ती बहुतेक वारुळावरची असते, टर्मिटोमायसेस. तिचा देठ जमिनीत मुळासारखा खोल जातो तो थेट वाळवीच्या घरापर्यंत, वाळवी तिथे बुरशीची शेती करते. पिढ्यान्‌पिढ्या तोच डोंगर, तीच वारुळं, त्याच बाया, त्यांची ओळख पक्की असते आणि ती फोटो बघून शिकता येत नाही. त्यांच्याकडून घ्या, पण स्वतः जाऊन "तशीच दिसतेय" म्हणून खुडू नका. गार्डनमध्ये, लॉनवर पावसात मोठ्या पांढऱ्या छत्र्या येतात त्यांच्यापासून तर लांबच राहा, त्यातल्या एकीचा ठसा चक्क हिरवा येतो, क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस, आणि तिने पोटाची फार वाट लागते.

प्रश्न : मी सहावीत आहे. चमकणारी अळंबी दिवसा पण चमकते का? आणि ती का चमकते, तिला काय फायदा? (पंचवटी)

उत्तर : बाळा, दोन्ही प्रश्न असे विचारलेस की मोठी माणसं त्यावर वर्षानुवर्षं काम करतायत. बऱ्याच जातींचा उजेड दिवसाही चालू असतो, सूर्यापुढे तो आपल्याला दिसत नाही इतकंच, दिवसा चांदण्या दिसत नाहीत तसं. पण ब्राझीलमध्ये एक जात आहे, ताडामाडाच्या झाडांच्या बुडाशी येते, तिथले लोक तिला नारळाचं फूल म्हणतात. तिच्या आत घड्याळ असतं, रात्री ती उजेड वाढवते आणि दिवसा कमी करते. २०१५ साली शास्त्रज्ञांनी तिचं गुपित शोधायला प्लास्टिकच्या खोट्या अळंब्या बनवल्या, काहींमध्ये हिरवे एलईडी दिवे लावले, काहींमध्ये नाही, आणि जंगलात ठेवल्या. दिव्यावाल्यांकडे जास्त किडे आले, भुंगे, माश्या, मुंग्या. किडे अंगाला बीजाणू लावून घेऊन दुसरीकडे जातात, म्हणजे दाट जंगलात जिथे वारा पोचत नाही तिथे उजेड हे किड्यांना दिलेलं आमंत्रण. निदान त्या जातीत तरी. सगळ्याच जातींत असंच असेल असं नाही.

आणि तुला आवडेल अशी एक गोष्ट. हीच ब्राझीलची अळंबी गार्डनर नावाच्या एका संशोधकाला कशी सापडली माहितीये? १८३९ च्या डिसेंबरात तो एका गावात रात्री फिरत होता, तर रस्त्यावर तुझ्याएवढी मुलं काहीतरी चमकणारं घेऊन खेळत होती. त्याला वाटलं मोठा काजवा आहे. हातात घेऊन बघतो तर अळंबी. मुलांना आधीपासून माहीत होतं.

जाता जाता, अंक छपाईला जायच्या आदल्या दिवशी इंदिरानगरच्या ताईंचा मेसेज आला. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातल्या पावसानंतर त्याच फांदीवर परत उगवल्या, यावेळी अकरा. भावाने फांदी हलवली नाही, खाली आरसा धरून फोटो काढलेत. कल्ले पांढरे, दाट, देठाजवळ सुटे. बुडाशी, ताईंच्याच शब्दांत, "खरंच टिकलीवर उभी आहे हो दादा." काळ्या कागदावर ठसा पांढरा. वासाबद्दल भावाने लिहिलंय की मुतारीसारखा, तो अमोनियाच. आणि रात्री टोपी उजळते, देठ जवळपास काळाच दिसतो.

मायसीना आहे हे नक्की. क्लोरोफॉस असण्याची शक्यता मला फार जास्त वाटते, पण चकतीवाल्या, उजेड देणाऱ्या आणखीही मायसीना आहेत आणि त्या सूक्ष्मदर्शकाखालीच वेगळ्या निघतात. शेत त्यांचं स्वतःचं, म्हणून तीन टोप्या देठ आणि चकतीसकट सालीच्या तुकड्यावर कापून घ्यायला सांगितल्या, प्लास्टिकमध्ये नाही, कागदाच्या पाकिटात, पंख्याखाली सुकवून, वर तारीख, जागा, झाड कुठलं ते लिहून. फांदी जांभळीची आहे असं भाऊ म्हणतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा जुना संग्रह आहे, अजरेकर हर्बेरियम, पाकीट तिथे दाखवायला मी स्वतः घेऊन जातोय. उरलेल्या आठ फांदीवरच आहेत आणि मागच्या दाराचा बल्ब भावाने काढून ठेवलाय.